खडीवर उतरणारं जेट

केंब्रिज बेला रस्ता जात नाही. कॅनडाच्या नूनावूत प्रदेशात पंचवीस गावं आहेत. त्यांतल्या एकाही गावाला दक्षिणेकडून रस्ता नाही, आणि या गावातून त्या गावाला जायलाही नाही. समुद्र वर्षातला बराचसा काळ गोठलेला असतो. उन्हाळा संपता संपता जहाजं आणि बार्ज येतात, वर्षभराचं डिझेल, सिमेंट, गाड्या, फर्निचर टाकतात आणि बर्फ धरायच्या आत निघून जातात. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दूध, केळी, औषधं, टपाल, बाळंतीण, शाळेतले मास्तर, कोर्टाचे न्यायाधीश, सगळं विमानानं येतं-जातं.

मी एडमंटनला राहतो. डिझेल जनरेटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्याआधी पुण्याला खडकीत याच कामात हात काळे केलेत. नूनावूतमध्ये वीज म्हणजे डिझेल. बाहेरून कुठलीही तार येत नाही. प्रत्येक गावाचं आपलं पॉवरहाऊस, आणि ते बंद पडलं तर शेजारच्या गावातून वीज उसनी घेता येत नाही. 2019 च्या जूनमध्ये केंब्रिज बेच्या एका जनसेटचा, म्हणजे इंजिन-जनरेटरच्या जोडीचा, गव्हर्नर (इंजिनाचा वेग एकसारखा ठेवणारा भाग) दगा द्यायला लागला होता. सुटा भाग आणि तो बसवणारा माणूस, दोघांनी एकत्र पोचायचं होतं. म्हणून मी येलोनाइफहून त्या विमानात बसलो, ज्याबद्दल उत्तरेत काम करणाऱ्या सगळ्यांकडून ऐकत आलो होतो: बोइंग 737-200.

हे विमान आपल्याला परकं नाही. इंडियन एअरलाइन्सनं 1970 च्या सुमारास हीच 737-200 आणली आणि मुंबई-औरंगाबाद, मुंबई-नागपूर अशा मार्गांवर वर्षानुवर्षं चालवली. पुढे ती अलायन्स एअरकडे गेली. ब्ल्यू डार्टनंही मालवाहतुकीसाठी हीच विमानं घेतली होती. पंखाखाली चिकटून बसलेली लांबट, बारीक इंजिनं आणि उडताना कानठळ्या बसवणारा आवाज. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात विमानप्रवास केला त्यांना आठवत असेल. या मॉडेलचं पहिलं उड्डाण 1967 सालचं. बोइंगनं 1988 मध्ये ते बनवणं थांबवलं. म्हणजे जगात कुठेही 737-200 दिसली तर ती तिशी ओलांडलेलीच असणार. भारतातून ती केव्हाच गेली, युरोप-अमेरिकेतही आवाजाच्या आणि इंधनाच्या हिशेबात मागे पडली. पण कॅनडाच्या उत्तरेत ती टिकली. का टिकली हे मला तिकडे जाईपर्यंत नीट कळलं नव्हतं. जुन्या वस्तूवरचं प्रेम, खर्चाची काटकसर, असं काहीतरी असेल असं ऐकीव मत होतं. खरं कारण धावपट्टीत आहे.

येलोनाइफचा विमानतळ लहानसा. सामानाच्या पट्ट्यावर मधोमध एक पेंढा भरलेलं पांढरं अस्वल सीलमागे झेपावतंय, ते बघायला मुलं थांबतात. माझं लक्ष मात्र चेक-इनच्या रांगेकडे गेलं. सुटकेस घेऊन आलेले थोडे. बहुतेकांकडे झाकणाचे मोठे प्लॅस्टिकचे डबे, टेपनं गुंडाळलेली खोकी, मासे-मांस न्यायचे कूलर. प्रत्येकावर जाड मार्करनं नाव आणि गाव. एका बाईंनी खोकं वजनकाट्यावर ठेवलं, वरची टेप सोडली, दोन कलिंगडं काढून भाचीच्या पिशवीत घातली, परत टेप लावली. मागे उभ्या असलेल्या कुणीही चुळबुळ केली नाही. केंब्रिज बेला कलिंगड काय भावानं मिळतं हे त्या रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तळलेल्या चिकनच्या बादल्या आणि डोनटची खोकी मांडीवर घेऊन बसलेली माणसंही होती. गावाकडे जाताना पेढे घेऊन जावेत तशी ही उत्तरेतली पद्धत आहे.

तिकिटाचं सांगतो, कारण विचारणारे पहिल्यांदा तेच विचारतात. येलोनाइफ ते केंब्रिज बे हे अंतर साधारण साडेआठशे किलोमीटर, हवेत दीड तास. जाऊन-येऊन तिकीट एडमंटन-मुंबईच्या तोडीचं, कधी त्याहून महाग. माझं कंपनीनं काढलं. गावातल्या माणसाला घरच्या कार्यासाठी जायचं तर स्वतःच्या खिशातून काढावं लागतं. या गोष्टीचा मला राग येतो आणि तो लपवायचं काही कारण नाही.

त्या दिवशी आम्ही निघालो, वर पोचलो आणि परत येलोनाइफलाच आलो. जूनमध्ये तिकडे जमीन उघडी पडते, पण खाडीवर बर्फ तसाच असतो. जमिनीवरची ऊबदार हवा त्या बर्फावर आली की धुकं धरतं आणि तासाभरात धावपट्टी दिसेनाशी होते. पायलटनं वर घिरट्या घातल्या, वाट पाहिली, मग इंधनाचा हिशोब सांगितला आणि विमान वळवलं. परतीसाठी पुरेल इतकं इंधन घेऊनच ही विमानं उत्तरेला जातात, कारण जवळपास दुसरी उतरायची सोय फार थोडी. कुणी आवाज चढवला नाही. लोकांनी फोन काढले, घरी कळवलं, आणि येलोनाइफमध्ये कुणाकडे मुक्काम करायचा ते ठरवायला लागले.

या खोळंब्यात माझी गाठ पडली विमान दुरुस्तीच्या एका मेकॅनिकशी. तो कामावर नव्हता, सुट्टीवरून येऊन हॉलमध्ये बसला होता. मी डिझेलवाला आहे म्हटल्यावर तो सैलावला. इंजिनांची माणसं एकमेकांना लगेच ओळखतात.

"वय काय या विमानाचं?" मी विचारलं.

"वर्षं कशाला मोजतोस? तू जनसेटचं वय वर्षांत मोजतोस का?"

नाही मोजत. आम्ही चाललेले तास बघतो. तेही तसंच करतात, फक्त तासांबरोबर उड्डाणं आणि उतरणं मोजतात. दर उड्डाणाला विमानाचा सांगाडा आतून हवेनं फुगतो आणि उतरल्यावर पुन्हा सैल पडतो; पत्रा थकतो तो या चढउतारानं. ठरलेल्या आवर्तनांनंतर विमान हँगरमध्ये जातं, आतली पॅनेलं, खुर्च्या, जमीन सगळं उचकटून सांगाडा तपासला जातो, गंज काढला जातो, पत्रे बदलले जातात. "आत आता मूळचं किती उरलंय हा प्रश्न विचारू नकोस," तो म्हणाला, "आता जे आहे ते ठीक आहे का, एवढंच विचार."

मग मी खडीचं विचारलं, आणि त्यानं कॉफीच्या कपाखालचा कागद उलटा केला.

केंब्रिज बेची धावपट्टी खडीची. लांबी पाच हजार फुटांच्या किंचित वर. डांबर नाही. ते का नाही, तर खाली कायम गोठलेली जमीन आहे. काळं डांबर ऊन पितं, खालची माती वितळते, धावपट्टीला पोट सुटतं, भेगा पडतात. खडीचं तसं नाही. खड्डा पडला तर ग्रेडर फिरवा, खडी ओता, रोलर मारा; गावातलीच माणसं गावातल्याच दगडानं दुरुस्ती करतात. डांबर टाकायचं म्हटलं तर यंत्रं आणि माल जहाजानं आणावा लागतो, जहाज येतं वर्षातून एकदा, आणि खर्च कोण करणार यावर कागद हलत राहतात. इक्वालुइटला, रँकिन इनलेटला डांबर आहे. बाकी बहुतेक ठिकाणी खडीच.

आता खडीवर जेट उतरवण्यात दोन संकटं. एक, पुढच्या चाकानं उडवलेले दगड पोटावर, पंखांवर आणि इंजिनात जाणं. दुसरं मला नवीन होतं. जमिनीवर इंजिन जोरात चालू असलं की त्याच्या तोंडाखाली एक बारीक वावटळ उभी राहते. ओल्या धावपट्टीवर ती डोळ्यांना दिसतेही, पाण्याचा दोरा वर चढताना. ती वावटळ जमिनीवरचा खडा उचलून थेट पात्यांत नेते.

बोइंगनं साठच्या दशकाच्या शेवटी यावर तोडगा काढला आणि 737-200 साठी जोडसामान म्हणून विकला. पुढच्या चाकामागे एक रुंद, चपटी, पुढून किंचित वर वळलेली धातूची फळी. खडे तिच्यावर आपटून खालीच राहतात. मागच्या चाकांनाही लहान आडोसे. पोटाखालच्या अँटेना जाड, खालच्या पत्र्याला आणि पंखांच्या खालच्या अंगाला दगडाचा मार सोसणारा लेप, हायड्रॉलिकच्या नळ्यांवर आणि ब्रेकच्या तारांवर धातूचे कवच. आणि इंजिनाच्या तोंडातून पुढे आलेली एक बोटभर जाड नळी. इंजिनातूनच काढलेली दाबाची हवा त्या नळीच्या टोकातून खाली फुंकली जाते. वावटळ धरायच्या आतच मोडते, आणि खडा जागचा हलत नाही.

त्या कागदावर त्यानं नळी काढली, तिच्या टोकाला तीन बाण काढले. मी मनातल्या मनात हवेचा दाब, नळीचा व्यास असा हिशोब करत बसलो. त्रास झाल्यावर दुरुस्ती करत बसण्यापेक्षा तो उगमाशीच मोडून टाकणारी ही युक्ती मला फार आवडली. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी हा विचार करून ठेवला, आणि तो आजही रोज काम करतोय.

"मग नव्या 737 ला हेच का लावत नाहीत?"

इंजिनं मोठी झाली म्हणून. जुन्या 737 चं इंजिन बारीक, प्रॅट अँड व्हिटनीचं जेटी8डी. इंधन जास्त खातं, आवाज जास्त करतं, पण जमिनीपासून बऱ्यापैकी उंच राहतं. नंतरच्या मॉडेलांना जी इंजिनं आली ती इंधन वाचवणारी, पण घेरानं रुंद. ती इतकी खाली येतात की त्यांच्या तोंडाखाली खडी म्हणजे आमंत्रणच. म्हणून 737-200 नंतरच्या कुठल्याही 737 ला बोइंगनं खडीचा संच दिला नाही. पंखे असलेली एटीआर, डॅश यांसारखी विमानं खडीवर उतरतात आणि उत्तरेतल्या लहान गावांचा भार तीच वाहतात. पण जेटचा वेग, तेवढा माल आणि तेवढी माणसं एकाच फेरीत न्यायची तर ही जुनी बाईच लागते. मेकॅनिक तिला बाईच म्हणत होता.

धुकं निवळलं आणि आम्ही पुन्हा निघालो. इथे चढायची शिडी विमानाच्या शेपटाकडे. पुढचा अर्धा भाग मालाचा. डाव्या अंगाला कॉकपिटच्या मागे एक अवाढव्य दरवाजा वर उघडलेला असतो आणि त्यातून माल बांधलेली पॅलेटं आत ढकलली जातात. माल आणि माणसं यांच्यामध्ये एक भिंत, आणि ती भिंत हलवता येते. माणसं कमी, माल जास्त असेल तर भिंत मागे सरते, खुर्च्या निघतात. एकाच विमानात दर फेरीला नवा हिशोब. शिडीकडे चालताना मी दरवाजातून आत जाणारी पॅलेटं बघत होतो: अंड्यांचे ट्रे, दुधाचे कॅन, डायपरची पोती, टायर, एक स्नोमोबिलचं इंजिन, आणि जाळीखाली माझं लाकडी खोकं. पोटातला गोळा तेव्हा हलका झाला. माझ्याशिवाय खोकं पोचलं असतं तरी चाललं असतं. खोक्याशिवाय मी पोचून उपयोग नव्हता.

आत बसलो तर समोर काही रांगांवर राखाडी भिंत. पुढचं काही दिसत नाही. आपण इंजिनांच्या मागे बसतो, त्यामुळे सगळा आवाज आपल्या वाट्याला. सुरू होताना एक लांब, चढत जाणारी शीळ, मग रॉकेलचा दर्प, मग खुर्चीच्या दांड्यातून हाताला लागणारी थरथर. नव्या विमानात इंजिन सुरू झालंय की नाही हे कळतही नाही. इथे प्रत्येक टप्पा कळतो. मला ते बरं वाटलं. यंत्र बोलत असेल तर ते कसं चाललंय हे समजतं.

शेजारी एक इन्युइट आजी होत्या, आणि पलीकडच्या खुर्चीत त्यांची नात. नातीच्या अंगात आमाउटी, म्हणजे बाळ पाठीवर घालून न्यायचा मोठ्या टोपीचा कोट, आणि टोपीखालच्या पिशवीत पुरतं महिन्याचंही नसलेलं बाळ. त्या केंब्रिज बेच्या नव्हत्या, तिथून पुढे आणखी लहान विमानानं आपल्या गावी जाणार होत्या. लहान गावांत बाळंतपणाची सोय नाही. पोरीला दिवस भरायच्या कितीतरी आधी घर सोडून येलोनाइफला येऊन राहावं लागतं. बाळंतपणाला माहेरी जायची पद्धत आपल्याकडे आहे, पण इथे पोर माहेर-सासर दोन्ही सोडून अनोळखी शहरातल्या वसतिगृहात दिवस मोजते. आजी सोबत आल्या होत्या म्हणून ती नशीबवान, असं आजींनीच सांगितलं.

"तुम्ही दोघी किती दिवस होतात इथे?" मी विचारलं.

"बर्फ होता तेव्हा आलो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला कामाचं विचारलं. मी वीज, जनरेटर असं सांगितलं. त्यांनी भुवया उंचावल्या. मी थांबलो, त्यांना प्रश्न पडलाय असं वाटून पुन्हा समजावायला लागलो, तर नात हसली. तिकडे भुवया वर करणं म्हणजे हो, आणि नाक मुरडणं म्हणजे नाही. पुढचा सगळा प्रवास आमचं बोलणं अर्धं शब्दांत, अर्धं भुवयांत झालं. मध्येच गरमागरम चॉकलेट चिप कुकी आली. आजींनी स्वतःची रुमालात बांधून ठेवली, नातवंडासाठी.

येलोनाइफ सोडल्यावर काही वेळ खाली खुरटी झाडं आणि तळी, तळी आणि खडक. मग झाडं विरळ होतात आणि एका ठिकाणानंतर संपतात. त्यापुढे समुद्रापर्यंत एकही झाड नाही. जमीन तपकिरी, तळ्यांवर अजून करडा बर्फ, वितळत्या पाण्याच्या निळ्या रेघा. रस्ता नाही, तार नाही, छप्पर नाही. पुण्याहून नागपूरला रेल्वेनं जाताना रात्रीसुद्धा कुठे ना कुठे दिवा दिसतो. इथे दीड तासात माणसाची एक खूण मला दिसली नाही. मग किनारा आला, गोठलेली सामुद्रधुनी आली, आणि पलीकडे व्हिक्टोरिया बेट. उतरताना खिडकीतून ओवायोक दिसला, सपाट जमिनीवर एकटाच लांबट डोंगर. आजींनी बोट दाखवून सांगितलं की हा अन्न शोधत निघालेला आणि उपाशी मेलेला राक्षस, शेजारच्या टेकड्या म्हणजे त्याची बायको आणि मुलगा.

उतरणं मी कान लावून ऐकलं. मागची चाकं टेकली तेव्हा धक्का बेताचाच, पण लगेच पोटाखाली तडतड सुरू झाली. खडे खालच्या पत्र्यावर आपटत होते. पायलटनं पुढचं चाक हलकेच टेकवलं. मग इंजिनांच्या मागची झडप उघडून उलटा जोर लागला, मोठा गडगडाट झाला, आणि वेग थोडा उतरताच तो काढूनही घेतला. मेकॅनिकनं हे सांगून ठेवलं होतं: उलटा जोर फार वेळ ठेवला तर तोच वारा खडी पुढे उडवतो आणि विमान आपल्याच धुरळ्यात शिरतं. उरलेलं काम ब्रेकचं, तेही जपून. टोकाला वळलो तेव्हा खिडकीतून मागे पाहिलं, धावपट्टीवर पिवळसर धुळीचा लांब पडदा लटकलेला होता.

शेपटाच्या शिडीनं उतरून टर्मिनलकडे चालताना मान वळवून पुढचं चाक बघितलं. कागदावर काढलेली फळी तिथे होती, चाकाच्या मागे जमिनीपासून वीतभर उंच. रंग उडालेला, पुढची कड खड्यांच्या माऱ्यानं टोचून टोचून चकाकती झालेली. इंजिनांखाली त्या दोन नळ्याही दिसल्या. मी आणखी थांबलो असतो, पण पिवळ्या जाकिटातल्या मुलानं हात करून आत पिटाळलं.

टर्मिनल म्हणजे एक मोठी खोली, आणि त्या खोलीत अर्धं गाव. बाळाला बघायला ओळखीतल्या बाया आल्या होत्या. आमाउटीची टोपी मागे ओढली गेली, आणि बाळ हातोहात फिरायला लागलं. आजींनी मला लांबूनच भुवया उंचावून निरोप दिला.

पॉवरहाऊसमधलं काम नेहमीचं होतं, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. जुना गव्हर्नर काढला, नवा बसवला, भार देऊन बघितला, फ्रीक्वेन्सी स्थिर झाली. रात्री अकराला बाहेर आलो तर ऊन. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. गाव अठराशे वस्तीचं. घरोघरी पाणी टँकरनं येतं आणि सांडपाणी टँकरनं जातं. हिवाळ्यात वीज गेली तर आधी घर गार होतं आणि मग पाणी गोठतं. त्यामुळे जनसेटचं काम झालं की ऑपरेटर मनापासून हात दाबतो. खाडीच्या काठाला त्यानं मला जागा दाखवली जिथे नॉर्वेचा ध्रुवसंशोधक अमुंडसेन याचं 'मॉड' हे जहाज 1930 पासून बुडून पडलं होतं. नॉर्वेच्या लोकांनी 2016 मध्ये ते वर काढलं आणि 2018 मध्ये घरी नेलं.

त्याच ऑपरेटरनं आदल्या वर्षीचं सांगितलं. 2018 च्या उन्हाळ्यात बर्फ फार होता. दक्षिणेतल्या 'हे रिव्हर' या गावाहून नदीमार्गे निघणारी बार्ज केंब्रिज बेपर्यंत पोचलीच नाही, ती फेरीच रद्द झाली. लोकांचं वर्षभराचं सामान, घरबांधणीचा माल, विकत घेतलेल्या गाड्या, सगळं अडकलं. त्यातलं काही मग विमानानं आणावं लागलं. त्यानं धावपट्टीकडे हात केला आणि म्हणाला, "त्या वर्षी आमचं बंदर तिकडे होतं."

आईनं फोनवर विचारलं होतं की इतकं जुनं विमान, सुरक्षित आहे का. तिला जे सांगितलं तेच इथे सांगतो. 20 ऑगस्ट 2011 रोजी रेझोल्यूट बे इथे याच जातीचं विमान उतरताना टेकडीवर आदळलं. 15 जणांपैकी 12 गेले. उत्तरेत ती तारीख कुणी विसरलेलं नाही, विमानात बसताना लोक तिचा उल्लेख करत नाहीत एवढंच. चौकशीत जे निघालं ते दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेतल्या चुकीचं, ऑटोपायलटचं आणि कॉकपिटमधल्या दोघांच्या संवादाचं. विमानाचं वय किंवा खडी हे कारण नव्हतं. मला स्वतःला जुन्या यंत्राची भीती वाटत नाही, कुणी न बघितलेल्या यंत्राची वाटते.

चिंता करायची तर जमिनीवरच्या गोष्टींची करावी. कॅनडाच्या महालेखापालांनी 2017 मध्ये उत्तरेतल्या 117 दुर्गम विमानतळांचा आढावा घेतला आणि धावपट्ट्या, दिवे, हवामानाची माहिती या सगळ्यांत कमतरता असल्याचं लिहिलं. दिवे नीट नसतील, हवामानाची माहिती वेळेवर नसेल तर विमान परत फिरतं, आम्ही फिरलो तसं. माझ्याबाबतीत एक मुक्काम वाढला. आजारी माणसाला न्यायला आलेलं विमान परत फिरलं तर काय होतं, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

परतीच्या फेरीत भिंत आणखी मागे सरकलेली होती. पुढे रिकामी पॅलेटं आणि 'आर्क्टिक चार' या गोठवलेल्या माशाची खोकी; केंब्रिज बेला हा मासा साफ करून पाठवण्याचा कारखाना आहे. उड्डाणाच्या आधी विमान टोकाला वळलं आणि थांबलंच नाही. आखूड पक्क्या धावपट्टीवर कधी कधी इंजिनं पूर्ण जोरात नेऊन मग ब्रेक सोडतात. खडीवर तसं केलं तर उभ्या जागी वावटळ धरते, म्हणून आधी चाकं फिरू द्यायची आणि चालता चालता जोर वाढवायचा. पाठ खुर्चीला टेकली, खाली तडतड वाढत गेली आणि एकदम थांबली.

ही विमानं आता झपाट्यानं कमी होताहेत. सुटे भाग मोडीत काढलेल्या विमानांतून येतात आणि मोडीत काढायलाही विमानं उरत नाहीयेत. क्वेबेकच्या उत्तरेत उडणाऱ्या एअर इन्युइटनं तिच्या जागी 737-800 घ्यायचं ठरवलं, पण तिला पक्की धावपट्टी लागते. केंब्रिज बेसारख्या ठिकाणी तेवढं डांबर पडेपर्यंत पंख्याची विमानं जास्त फेऱ्या मारतील, एका फेरीत माल कमी येईल, आणि तो फरक दुधाच्या कॅनवर लिहिलेल्या किमतीत दिसेल. कुणा मराठी माणसाला कामानिमित्त तिकडे जायचा योग आला आणि शेपटाकडून चढायची शिडी दिसली, तर इंजिनामागची जागा मागून घ्या आणि उतरताना कानात काही घालू नका. खोक्यात जागा असेल तर कलिंगड न्या.